ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात बर्फ बघायचाय, नाशिकहून पाच जण, कमी खर्चात कसं बसवावं?

दिंडोरीचा_बागाईतदार

नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे पण सगळं नीट सांगतो म्हणजे उत्तर देणाऱ्याला सोपं जाईल. धाकटी बहीण मेलबर्नला असते, टार्निटला, तिला जूनमध्ये बाळ होणारे, म्हणून आईला घेऊन आम्ही सगळेच ऑगस्टमध्ये पंधरा दिवस जाऊन येऊ असं ठरतंय. मी, बायको, मुलगी १३ ची, मुलगा ९ चा आणि आई ६६ ची. ऑगस्टच का, तर दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणीची तयारी सुरू झाली की मला दोन दिवससुद्धा हलता येत नाही, ऑगस्टमध्ये फवारण्या असतात त्या भाऊ बघेल. मुलांची शाळा बुडणार, ती बुडू दे.

तिकडे तेव्हा हिवाळा असतो आणि डोंगरावर बर्फ पडतो. आईने थंडी काही कमी पाहिलेली नाही, पारा उतरला की द्राक्षं तडकू नयेत म्हणून रात्र रात्र बागेत शेकोट्या पेटवून बसलेली बाई आहे ती, पानावरचं दव गोठलेलं पण बघितलंय तिने, पण वरून बर्फ पडताना बघायचा राहिलाय असं गेली दोन वर्षं म्हणतेय. त्यामुळे हे मला करायचंच आहे.

अडचण पैशाची. विमानाची तिकिटं आणि व्हिसा यातच बरंच जाणारे. मेहुण्याने एका स्की रिसॉर्टचं तीन रात्रींचं भाडं काढून पाठवलं, तेवढ्यात माझं एका एकराचं खत-औषध निघेल. स्कीइंग आमच्यात कोणालाच येत नाही. मग डोंगरावरच राहायला पाहिजे का? कुठला डोंगर बरा? गाडी स्वतः चालवावी की बसने जावं? आईचे गुडघे दुखतात, फार चालवणार नाही तिला. आणि गरम कपडे इथून घ्यायचे की तिकडे? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

सिडकोची_मेलबर्नला

दादा, नाशिकचं माणूस दिसलं की राहवत नाही, सिडकोत वाढले, आता अकरा वर्षं मेलबर्नला आहे आणि दर हिवाळ्यात मुलांना घेऊन एक-दोनदा तरी बर्फात जातेच, त्यामुळे जरा लांब लिहिते.

पहिलं म्हणजे डोंगरावर राहू नका. वर राहणं हे स्की करणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना सकाळी उठून डोंगराच्या वर नेणारी पहिली लिफ्ट पकडायचीये त्यांचे ते पैसे वसूल होतात, तुमचे होणार नाहीत. तुम्हाला स्की येत नाही म्हणजे लिफ्टचं तिकीट पण नको, आणि ही खूप मोठी बचत आहे, कारण मोठ्या रिसॉर्टला ऐन सीझनमध्ये मोठ्या माणसाचं एका दिवसाचं लिफ्ट तिकीट दोनशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास किंवा वर जातं. पाच जणांचा हिशोब करा.

दुसरं, ऑगस्ट एकदम बरोबर निवडलाय. सीझन कागदावर जूनच्या दुसऱ्या सोमवारच्या सुट्टीला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो, पण जूनमध्ये बऱ्याचदा नुसतं गवत आणि मशीनने बनवलेल्या बर्फाची एक पट्टी असते. जुलैत पहिले दोन आठवडे इथल्या शाळांना सुट्टी, तेव्हा सगळं महाग आणि तुडुंब. ऑगस्टमध्ये शाळा चालू असतात आणि बर्फ पण चांगला साचलेला असतो. फक्त शनिवार-रविवार टाळा, मंगळवार ते गुरुवार जा, राहण्याच्या भाड्यात खूप फरक पडतो.

आता कुठे जायचं. मेलबर्नहून सगळ्यात जवळचं म्हणजे माउंट डोना बुआंग, वॉरबर्टन गावाच्या वर, दीड-दोन तास. १२५० मीटरचाच डोंगर आहे त्यामुळे तिथे कधी गुडघाभर असतो आणि कधी चिखल, त्याच्या भरवशावर राहू नका. त्याच्यापेक्षा लेक माउंटन चांगलं, मेरीजव्हिल गावावरून जायचं, टार्निटहून अडीच तास धरा. तिथे वरून खाली स्की करायच्या लिफ्ट नाहीतच, टोबोगन म्हणजे प्लास्टिकची घसरगाडी आणि सपाटीवरचं स्की एवढंच, त्यामुळे सगळी लहान मुलांवाली कुटुंबंच असतात आणि कोणी अंगावर येत नाही. गाडीची एन्ट्री फी आणि टोबोगनचं भाडं, खर्च संपला. जेवण घरून न्या, सकाळी निघून रात्री बहिणीकडे परत.

पण आईंना खरं डोंगरावरचं गाव, छपरावर फूटभर बर्फ, असं बघायचं असेल तर माउंट बुलर. मेलबर्नहून तीन तास. गाव १६०० मीटरच्या आसपास आहे म्हणजे बघा आपल्या कळसूबाईच्या उंचीला (१६४६), साल्हेरपेक्षा थोडंसंच वर, त्यामुळे श्वासाचा वगैरे त्रास नाही. कळसूबाईवर कधी बर्फ पडत नाही आणि इथे फूट दोन फूट साचतो, कारण हे विषुववृत्तापासून बरंच लांब आहे, ३७ अंश दक्षिण, आणि थंड वारा थेट दक्षिणेच्या समुद्रावरून येतो. राहायचं खाली मॅन्सफील्ड गावात, मोटेलमध्ये किंवा किचनवालं घर घेऊन, तिथून डोंगर पाऊण-एक तासावर. दोन रात्री पुरे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला पहिल्या दोन वर्षांत कळलं नव्हतं. इथे बर्फ रोज पडत नाही. थंड हवेचा एक पट्टा येतो, ज्याला कोल्ड फ्रंट म्हणतात, तो जाईपर्यंत एक-दोन दिवस पडतो, मग चार-आठ दिवस नुसतं ऊन किंवा ढग. सगळे सांगतील की फ्रंट गेल्यावर निळ्या आकाशात जा, फोटो चांगले येतात, आणि स्की करणाऱ्यांसाठी ते बरोबरच आहे. पण तुमच्या आईंना बर्फ पडताना बघायचाय ना? मग तुम्हाला फ्रंटच्या दिवशीच वर असायला पाहिजे. म्हणून सहा महिने आधी तारखा घट्ट बुक करू नका. पंधरा दिवस आहात, बहिणीकडे मुक्काम आहे, रोज हवामान खात्याचा अंदाज आणि रिसॉर्टचा स्नो कॅम, म्हणजे डोंगरावरचा लाइव्ह कॅमेरा, बघत राहा, फ्रंट येतोय दिसलं की दोन दिवस आधी मॅन्सफील्डला खोली घ्या. आठवड्याच्या मधल्या दिवसांत ऑगस्टमध्ये खोली मिळते, मला कायम मिळालीये. किंवा आधीच घ्यायचीच असेल तर फुकट कॅन्सल होणारी घ्या.

कपड्यांचं वेगळं लिहिते, बाळ उठलंय.

सायकलवाला_नाशिक

एक विचारू का, राग मानू नका. बर्फच बघायचाय तर जानेवारीत गुलमर्ग का नाही? तिथे गोंडोला म्हणजे केबल कार आहे, स्लेज आहे, पाच जणांचं सगळं धरून ऑस्ट्रेलियापेक्षा बरंच स्वस्त पडेल. आम्ही दोन वर्षांपूर्वी आईवडिलांना घेऊन गेलो होतो, फार छान झालं.

दिंडोरीचा_बागाईतदार

@सायकलवाला राग कसला, मुद्दा बरोबर आहे. पण जानेवारी म्हणजे आमचा माल उतरायच्या तोंडावर, तेव्हा बाग सोडून जाणं होतच नाही, आईने ४० वर्षांत जानेवारीत गाव सोडलेलं नाही. आणि बहिणीकडे जायचंच आहे, विमानाचा खर्च बाळासाठी आहे असं धरा, बर्फाचा खर्च त्याच्या वरचा जो काही असेल तेवढाच मोजतोय.

@सिडकोची_मेलबर्नला ताई, फ्रंटचं तुम्ही सांगितलं ते दहा लोकांना विचारून पण कळलं नसतं. कपड्यांचं नक्की लिहा.

नाशिकरोड_ते_कॅनबेरा

मी कॅनबेऱ्याला असतो, आमच्या बाजूचं पण सांगतो. ऑस्ट्रेलियातले सगळ्यात उंच डोंगर इकडे न्यू साउथ वेल्समध्ये आहेत, माउंट कोशिउस्को २२२८ मीटर, आणि थ्रेडबो, पेरिशर ही मोठी रिसॉर्ट त्याच डोंगराच्या नॅशनल पार्कात येतात. खाली जिंडाबाइन गावात राहायचं, कॅनबेऱ्याहून अडीच तास, सिडनीहून सहा. हिवाळ्यात नॅशनल पार्कात गाडी न्यायला एका दिवसाचे २९ डॉलर घेतात, पण पेरिशरला जायचं असेल तर बुलक्स फ्लॅटला गाडी लावून स्कीट्यूब नावाची ट्रेन आहे, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून थेट बर्फात नेऊन सोडते, गाडीची पार्किंग फुकट, पार्क फी नाही, बर्फात पकड मिळायला चाकांना साखळ्या लावायची भानगड नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी याच्यापेक्षा आरामाचं काही नाही. ट्रेनचं तिकीट मात्र स्वस्त नसतं. थ्रेडबोला न स्की करणाऱ्यांना पण चेअरलिफ्टने वर जाता येतं, वरती १९३७ मीटरवर ईगल्स नेस्ट म्हणून रेस्टॉरंट आहे, देशातलं सगळ्यात उंचावरचं, तिथे बसून कॉफी प्यायची आणि खाली यायचं.

ऑगस्टबद्दल ताई म्हणाल्या ते आकड्यांतून पण दिसतं. स्पेन्सर्स क्रीक नावाची जागा आहे १८३० मीटरवर, तिथे १९५४ पासून दर आठवड्याला बर्फाची जाडी मोजतात. १९८१ ला ३६१ सेंटिमीटर भरलं होतं आणि २००६ ला जास्तीत जास्त फक्त ८५, म्हणजे वर्षावर्षात एवढा फरक पडतो, आपल्या पावसासारखंच आहे, पण बहुतेक वर्षी सगळ्यात जाड थर ऑगस्टच्या शेवटाकडे किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला असतो.

पण तुमचा मुक्काम मेलबर्नला असेल तर खरं सांगतो, इकडे येऊ नका. मेलबर्नहून जिंडाबाइन गाडीने सहा-सात तास, एका दिवसात लहान मुलं आणि गुडघेदुखी असलेली आई यांना घेऊन हे करणं बरं नाही. सिडनी पण बघायची असेल आणि तिकडून परतीचं विमान असेल तरच विचार करा. नाहीतर बुलर.

सिडकोची_मेलबर्नला

हं, कपडे. जीन्स आणि कॉटन घालून बर्फात जायचं नाही, हे सगळ्यात आधी मुलांना सांगा. कॉटन ओलं झालं की वाळत नाही आणि मग मूल अर्ध्या तासात कुडकुडायला लागतं, आणि पूर्ण दिवस वाया. तीन थर पाहिजेत, अंगाला चिकटून थर्मल, वर लोकर किंवा फ्लीस, आणि सगळ्यात बाहेर पाणी आत न शिरणारं जॅकेट-पँट. पहिले दोन थर नाशिकहून आणा, शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये स्वेटर, लोकरी मोजे, कानटोप्या इथल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. हिवाळ्यातच घेऊन ठेवा. मोजे प्रत्येकी तीन जोड.

बाहेरचा थर विकत घेऊ नका. बहिणीला सांगा, दर मे महिन्यात आल्डी सुपरमार्केटमध्ये बर्फाच्या कपड्यांचा सेल लागतो, लोक सकाळी सकाळी दाराबाहेर उभे असतात, मुलांचे हातमोजे आणि गॉगल तेवढे तिथून घेऊन ठेव म्हणावं. आता ती मे मध्ये अवघडलेली असेल तर मेहुण्यांना पाठवा. जॅकेट, पँट आणि बूट भाड्याने घ्या, पण डोंगरावर नाही, खाली मॅन्सफील्ड किंवा मेरीजव्हिलला, वर तेच महाग. ऑप शॉप म्हणजे इथली दान केलेल्या कपड्यांची दुकानं, तिथे पण मुलांची जॅकेट अगदी चांगली मिळतात, मुलं वर्षात मोठी होतात ना, लोक देऊन टाकतात.

आईंसाठी बूट सगळ्यात महत्त्वाचे. घोट्याच्या वर येणारे, पाणी न जाणारे, खाली खोल नक्षी असलेले. बर्फ ताजा असेल तर मऊ असतो, पण वाटेवर माणसं चालून चालून तो काचेसारखा होतो, तिथे पाय घसरतो. एक काठी द्या हातात, ट्रेकिंगची. मी सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी नेलं तेव्हा त्या आधी नको नको म्हणत होत्या, मग काठी मिळाल्यावर माझ्या पुढे चालत होत्या.

खाण्याचं घरून. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी आणि दोन मोठे थर्मास चहा नेते. वर एका बर्गरला जेवढे पडतात तेवढ्यात घरचं पाचांचं जेवण होतं. आणि नाशिकहून येताना चिवडा, मसाले आणत असाल तर विमानातल्या कार्डावर खायच्या वस्तूंना हो लिहा आणि दाखवा, दाखवून काही होत नाही, लपवलं तर जागेवर दंड करतात. बाळंतिणीसाठी पेढे, बर्फी असं दुधाचं काही आणू नका, काढून घेतात, माझ्या आईचे घेतले होते, फार वाईट वाटलं होतं तिला.

पिंपळगावची_लेक

गाडीबद्दल मी लिहिते कारण आमचं चुकलं होतं ते तुमचं चुकू नये.

आम्ही जुलैमध्ये भाड्याची गाडी घेऊन बुलरला गेलो. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, सीझन चालू असताना रिसॉर्टवर जाणाऱ्या प्रत्येक गाडीत चाकांना लावायच्या साखळ्या असायलाच पाहिजेत, फोर व्हील ड्राइव्ह असली तरी. ते आम्हाला माहीत होतं, खाली भाड्याने घेतल्या पण होत्या, पण लावून कधी बघितल्या नव्हत्या. अर्ध्या वाटेत बोर्ड लागला की आता लावा, बर्फ पडत होता, नवरा वाकून पाऊण तास खटपट करत होता, बोटं बधिर, मुलगी मागे रडतेय, शेवटी मागच्या गाडीतल्या एका आजोबांनी दहा मिनिटांत लावून दिल्या. ते म्हणाले की साखळ्या ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांनाच लावायच्या आणि ४० च्या वर पळवायची नाही, आम्ही दोन्ही चुकीचं धरून चाललो होतो. आणि परत आल्यावर कळलं की गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या करारात बर्फाच्या रस्त्यावर नेली तर इन्शुरन्स लागू नाही असं बारीक अक्षरात होतं. काही झालं नाही म्हणून वाचलो, नाहीतर सगळा खर्च आमच्या अंगावर होता.

तर करार वाचा. मेहुण्यांची स्वतःची गाडी असेल तर ती न्या, त्यांचा इन्शुरन्स बघा, साखळ्या घरासमोर एकदा कोरड्यात लावून बघा. डिझेल गाडी असेल तर साधं डिझेल वर थंडीत गोठल्यासारखं होतं, डोंगराच्या पायथ्याच्या पंपावर थंडीत न गोठणारं अल्पाइन डिझेल मिळतं ते भरा. वर गाडी लावली की हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो, गिअरमध्ये ठेवा आणि वायपर उभे करून ठेवा. संध्याकाळ व्हायच्या आत खाली उतरा, अंधारात कांगारू रस्त्यात येतात.

पण मला विचाराल तर तुमच्यासारख्यांनी, म्हणजे ज्यांना फ्रंटच्या दिवशी वर जायचंय त्यांनी, गाडी वर नेऊच नये. मॅन्सफील्डहून बुलरला बस जाते, ती सरळ गावात सोडते, साखळ्या लावायचं काम ड्रायव्हरचं. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून मॅन्सफील्डपर्यंत पण व्ही लाइन या सरकारी कंपनीची बस आहे आणि २०२३ पासून व्हिक्टोरियातल्या लांबच्या गाड्यांचं दिवसाचं भाडं शहरातल्या दिवसाच्या भाड्याएवढंच केलंय, म्हणजे दहा-अकरा डॉलरमध्ये तीन तासांचा प्रवास. पाच जणांचं पेट्रोल आणि साखळ्यांचं भाडं धरलं तर बस कुठेच महाग नाही.

दिंडोरीचा_बागाईतदार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना सगळं वाचून दाखवलं घरात. ठरलंय ते असं, पहिल्या आठवड्यात मेहुण्याच्या गाडीने एक दिवस लेक माउंटन, ऊन असेल त्या दिवशी, म्हणजे मुलांचं घसरगाडीवर मन भरेल. मग फ्रंटची वाट बघायची आणि आला की मी, आई, बायको, मुलं बसने मॅन्सफील्ड, दोन रात्री, मधल्या दिवशी बुलर. बहीण आणि बाळ घरीच. मुलीला एक दिवस स्की शिकायचंय म्हणते, ते बघू.

दोन गोष्टी राहिल्या. फ्रंट पंधरा दिवसांत आलाच नाही तर? आणि बर्फ पडत असताना आईला तिथे वर बसायला कुठे उबदार जागा असते का, का दिवसभर बाहेरच उभं राहायचं?

नाशिकरोड_ते_कॅनबेरा

ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पूर्ण कोरडे जाणं फार कमी वेळा बघितलंय, थोडा का होईना पडतोच. जमिनीवर तर असेलच.

एक राहिलं. व्हिसा ६०० नंबरचा लागेल, प्रत्येकाचा वेगळा अर्ज, मुलांचा पण, आणि फी माणशी दोनशे डॉलरच्या आसपास जाते, ती बजेटमध्ये धरा. आईंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना गुडघ्यांचं आधीच सांगा. मुलगी स्की शिकणार असेल तर तिच्या पॉलिसीत स्नो स्पोर्ट्स वेगळं जोडावं लागतं, साध्यात नसतं, आणि इथे परदेशी पाहुण्याला ॲम्ब्युलन्सचं बिल स्वतः भरावं लागतं.

सिडकोची_मेलबर्नला

दादा, मुलीचं "बघू" करू नका, शिकू द्या एक दिवस. नवशिक्यांसाठी शिकवणी, स्की आणि छोट्या उतारावरची लिफ्ट असं एकत्र पॅकेज असतं, ते पूर्ण लिफ्ट तिकिटापेक्षा बरंच कमी पडतं, ऑनलाइन आधी घेतलं की अजून थोडं कमी. तेरा वर्षांची मुलं दुपारपर्यंत उभी राहून घसरायला शिकतात, आपल्याला चार दिवस लागतात.

आईंची काळजी करू नका. बस थांबते तिथून गावातला मुख्य चौक जवळच आहे, आजूबाजूला कॅफे, मोठ्या काचांची हॉटेलं, आत शेकोटी पेटलेली असते. एक चहा घेऊन बसलं तर कोणी उठवत नाही. मी सासूबाईंना खिडकीपाशी बसवून मुलांना घेऊन जायचे, तासाने परत यायचे. मोबाइल चार्ज करून द्या त्यांच्याकडे आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून फोन आतल्या खिशात ठेवायला सांगा. डोळ्यांना काळा चष्मा पाहिजेच, ढग असले तरी, बर्फावरून उजेड फार येतो.

टार्निट माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. माझ्या मुलांचे लहान झालेले दोन स्नो पँट आणि एक जॅकेट माळ्यावर पडून आहे, नऊ वर्षांच्या मुलाला बसेल. मला मेसेज करा, मेहुण्यांना येऊन घेऊन जायला सांगा.